राष्ट्रपती बोलतात, संसद ऐकते: अभिभाषणाचा दिवस पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

जानेवारी संपत आला की एका सकाळी अकराच्या सुमारास टीव्हीवर ठरलेलं दृश्य दिसतं. घोडेस्वार अंगरक्षक, राष्ट्रपतींचं आगमन, राष्ट्रगीत, मग लांबलचक भाषण आणि अधूनमधून बाकं वाजवल्याचा आवाज. संध्याकाळी बातमी येते, 'राष्ट्रपतींकडून सरकारच्या कामगिरीचं कौतुक'. पहिल्यांदा अशी बातमी वाचली तेव्हा मी ती अक्षरशः घेतली होती. राष्ट्रपतींनी वर्षभर सगळं पाहिलं असेल, तोललं असेल आणि मग शाबासकी दिली असेल, असा माझा समज. ते भाषण सरकारनेच तयार केलेलं असतं हे पुढे कळलं. आपलीच पाठ आपणच थोपटायची, हात तेवढा दुसऱ्याचा!

पण म्हणून हा सोहळा पोकळ आहे असं समजू नका. त्यातली प्रत्येक हालचाल घटनेतल्या कुठल्या ना कुठल्या कलमाला बांधलेली आहे, आणि कुठे काय पाहायचं हे माहीत असलं तर या एका दिवसातून संसदेचं सगळं यंत्र उलगडत जातं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, संसदेचं वार्तांकन नव्याने हाती घेतलेले किंवा नुसतेच उत्सुक, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हा क्रमवार लेख.

आधी थोडी नावांची गल्लत दूर करू

'संसद म्हणजे लोकसभा आणि राज्यसभा' असं आपण सहज म्हणतो. घटनेचं ७९वं कलम मात्र तीन अंगं सांगतं: राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. राष्ट्रपती कुठल्याही सभागृहाचे सदस्य नसतात, चर्चेत भाग घेत नाहीत, मत देत नाहीत, तरी संसदेचा भाग असतात. एरवी ही तीन अंगं आपापल्या जागी राहून काम करतात. तिन्ही एका छताखाली येतात ती अभिभाषणाच्या दिवशी. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरी गल्लत जास्त पसरलेली आहे. बातम्यांमध्ये या दिवसाला सर्रास 'संयुक्त बैठक' म्हणतात. घटनेच्या भाषेत संयुक्त बैठक ही वेगळीच चीज आहे. एखाद्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर १०८व्या कलमाखाली ती बोलावतात. तिथे लोकसभेचे अध्यक्ष पीठासीन असतात, चर्चा होते, मतदान होतं. आजवर अशा बैठका तीनच विधेयकांसाठी झाल्या: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक आणि २००२ मध्ये पोटा हे दहशतवादविरोधी विधेयक. अभिभाषणासाठी मात्र दोन्ही सभागृहं नुसती 'एकत्र जमतात'. चर्चा नाही, मतदान नाही, कुणी प्रश्न विचारायचा नाही. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात, आणि उमेदवार हमखास चुकतात.

परदेशी पाहुणे संसदेत येऊन खासदारांपुढे बोलतात, तो तिसरा प्रकार. २००० मध्ये बिल क्लिंटन आणि २०१० मध्ये बराक ओबामा सेंट्रल हॉलमध्ये असे बोलले. तो पाहुण्यांचा मान झाला. त्यानंतर सभागृहात आभाराचा प्रस्ताव येत नाही, की त्यावर सरकार पडण्याची भीती नसते.

पहिली पायरी: या अधिवेशनात अभिभाषण आहे का, ते पाहा

प्रत्येक अधिवेशनाला अभिभाषण नसतं. घटना लागू झाली तेव्हा होतं. मूळ ८७व्या कलमात 'प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला' असा मजकूर होता. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो बदलला आणि दोनच प्रसंग उरले. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन, हा एक. दरवर्षीचं पहिलं अधिवेशन, हा दुसरा. म्हणून निवडणुकीच्या वर्षात अभिभाषण दोनदा होऊ शकतं. २०२४ मध्ये तसंच झालं: एक ३१ जानेवारीला, दुसरं २७ जूनला. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांची सुरुवात एरवी अभिभाषणाविनाच होते.

'वर्षातलं पहिलं अधिवेशन' हे शब्द वाटतात तितके सरळ नाहीत. कामकाज 'बेमुदत तहकूब' होणं वेगळं आणि राष्ट्रपतींनी आदेश काढून अधिवेशन 'संस्थगित' करणं वेगळं. पहिल्यात अधिवेशन संपत नाही, फक्त थांबतं. डिसेंबर २००३ मध्ये लोकसभा बेमुदत तहकूब झाली होती, संस्थगित झाली नव्हती. जानेवारी २००४ मध्ये ती पुन्हा भरली ती अभिभाषणाशिवाय. तेव्हा खासदार असलेले रामदास आठवले याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नवीन वर्ष लागलं, पहिलीच बैठक आहे, मग अभिभाषण का नाही, हा त्यांचा मुद्दा. २०१० मध्ये घटनापीठाने निकाल दिला की ती बैठक आधीच्याच अधिवेशनाचा दुसरा भाग होती, त्यामुळे अभिभाषणाची गरज नव्हती. कॅलेंडरवर वर्ष बदललं तरी अधिवेशन बदलतंच असं नाही. पुढे तेलंगणात २०२२ मध्ये राज्यपालांच्या अभिभाषणाविना अर्थसंकल्पी बैठका सुरू झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारनेही हीच वाट धरली.

तेव्हा नवख्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: मागचं अधिवेशन नुसतं तहकूब झालं होतं, की संस्थगित?

दुसरी पायरी: बोलावणं

सभागृह आपणहून भरत नाही, त्याला बोलावावं लागतं. ८५व्या कलमानुसार राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना बोलावतात. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, एवढी अट. तारखा प्रत्यक्षात सरकार ठरवतं. मंत्रिमंडळाची संसदीय कामकाजविषयक समिती शिफारस करते, राष्ट्रपतींची मंजुरी मिळते, आणि मग त्या त्या सभागृहाचे महासचिव प्रत्येक सदस्याला बोलावणं धाडतात. अमुक दिवशी, अमुक वेळी, दिल्लीत हजर राहावे, अशा थाटाचं कोरडं पत्र असतं ते. त्याला समन्स म्हणतात. कोर्टाचंच समन्स आठवतं, पण इथे आरोपी कुणी नाही!

खरा तपशील मिळतो तो बुलेटिनच्या दुसऱ्या भागात. दोन्ही सभागृहांची सचिवालयं ते काढतात आणि संसदेच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. सदस्यांनी किती वाजता जागेवर असावं, गाड्या कुठे लावाव्यात, कुठल्या दाराने आत यावं, असल्या बारीकसारीक सूचना त्यात असतात. बातमीदारी करणार असाल तर ही कागदपत्रं आदल्या दिवशीच वाचून ठेवा. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसणारं जवळजवळ सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं.

तिसरी पायरी: निवडणुकीनंतरचं अधिवेशन असेल तर थोडं थांबा

नव्या लोकसभेपुढे राष्ट्रपती पहिल्याच दिवशी येत नाहीत. ऐकायला सभागृह तर तयार हवं! ९९व्या कलमाप्रमाणे सदस्याने आपली जागा घेण्याआधी शपथ घ्यावी लागते. न घेताच बसला किंवा मत दिलं तर १०४व्या कलमात दिवसाला ५०० रुपये दंड आहे. घटनेत रुपयांत लिहिलेला दंड सापडावा याची मला अजून गंमत वाटते. शपथा हंगामी अध्यक्षांपुढे होतात. त्यानंतर अध्यक्षांची निवड. मग अभिभाषण.

२०२४चा क्रम पाहा: २४ आणि २५ जूनला शपथविधी, २६ जूनला अध्यक्षपदी ओम बिर्ला, २७ जूनला अभिभाषण. राज्यसभेचं सत्र तर सुरूच झालं २७ जूनला, कारण त्याआधी तिला काही काम नव्हतं. २०१९ मध्येही तसंच: १७ जूनला लोकसभा भरली, १९ला अध्यक्ष निवडले, २०ला रामनाथ कोविंद यांचं अभिभाषण. ही रीत पहिल्या लोकसभेपासूनची आहे. १३ मे १९५२ रोजी ती भरली, १५ मे रोजी दादासाहेब मावळंकर अध्यक्ष झाले आणि १६ मे रोजी राजेंद्रप्रसाद बोलले. राजेंद्रबाबूंनी त्याआधीही, ३१ जानेवारी १९५० रोजी, हंगामी (पहिली निवडणूक होईपर्यंतच्या) संसदेपुढे अभिभाषण केलं होतं. प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम पाच दिवसांचं होतं.

शपथ आणि अध्यक्षनिवड सोडली तर अभिभाषणाआधी दुसरं कामकाज घेत नाहीत. कारण ८७व्या कलमातच आहे: संसदेला का बोलावलं ते राष्ट्रपतींनी तिला सांगायचं. बोलावण्याचं कारण कळण्याआधीच काम कसं सुरू करणार?

चौथी पायरी: जागा ओळखा

२०२३ पर्यंतची दृश्यं पाहत असाल तर तो जुन्या इमारतीतला सेंट्रल हॉल आहे, घटना समिती जिथे बसली तो. त्या इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. नव्या इमारतीत सेंट्रल हॉल बांधलेलाच नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून अभिभाषण लोकसभेच्या सभागृहात होतं. तिथे एरवी ८८८ आसनांची सोय आहे आणि दोन्ही सभागृहं एकत्र बसवायची झाली तर १,२७२ पर्यंत. जुन्या हॉलमध्ये दोन्हीकडचे सदस्य तिऱ्हाईत जागी भेटत. आता राज्यसभेचे सदस्य लोकसभेच्या घरी पाहुणे म्हणून येतात. घटनेच्या दृष्टीने याने काहीच बदलत नाही, पण मला जुनी व्यवस्था जास्त शोभून दिसायची.

२०२१ची चित्रफीत पाहिलीत तर सदस्य विखुरलेले दिसतील. कोविडमुळे त्या वर्षी काहींना सेंट्रल हॉलमध्ये आणि बाकीच्यांना दोन सभागृहांत बसवलं होतं. तो अपवाद.

पाचवी पायरी: आगमन

राष्ट्रपती भवनातून निघालेल्या राष्ट्रपतींसोबत त्यांच्या अंगरक्षक दलाचे घोडेस्वार असतात. हे दल १७७३ मध्ये उभं राहिलेलं. दाराशी स्वागताला कोण उभं आहे ते नीट बघा: राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, लोकसभेचे अध्यक्ष, पंतप्रधान, संसदीय कामकाज मंत्री आणि दोन्ही सभागृहांचे महासचिव. राष्ट्रपती एकटे आत शिरत नाहीत, त्यांना मिरवणुकीने आत नेलं जातं. २०२४ पासून या मिरवणुकीच्या पुढे सेंगोल, म्हणजे नव्या लोकसभेत ठेवलेला राजदंड, असतो.

राष्ट्रपती आत आले की सगळे उभे राहतात. मंचावर मधलं आसन राष्ट्रपतींचं, दोन बाजूंना सभापती आणि अध्यक्ष. राष्ट्रगीत होतं, सगळे बसतात आणि भाषण सुरू होतं. दिसायला एवढंच. पण हीच गोष्ट इतरत्र कशी चालते ते पाहिलं की आपली घडण जास्त कळते.

ब्रिटनमध्ये राजा हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये येऊन बसतो आणि कॉमन्सच्या सदस्यांना तिथे बोलावतो. ते बोलावणं घेऊन ब्लॅक रॉड नावाचा अधिकारी गेला की त्याच्या तोंडावर दार आपटतात, तो दांड्याने तीनदा दार ठोठावतो, तेव्हाच ते उघडतं. १६४२ मध्ये पहिला चार्ल्स सैनिक घेऊन पाच सदस्यांना पकडायला कॉमन्समध्ये घुसला होता, त्याची ही आठवण. राजा आजही कॉमन्सच्या सभागृहात पाय ठेवत नाही. फ्रान्समध्ये तर १८७०च्या दशकापासून २००८ पर्यंत राष्ट्राध्यक्षाने संसदेत जाऊन बोलायचीच सोय नव्हती, फक्त लेखी संदेश पाठवायचा. २००८च्या घटनादुरुस्तीनंतर निकोला सार्कोझी २००९ मध्ये व्हर्साय इथे दोन्ही सभागृहांपुढे बोलले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसचं आमंत्रण लागतं. १८०१ मध्ये जेफरसनने स्वतः जाण्याऐवजी लेखी संदेश पाठवला, आणि ती प्रथा १९१३ मध्ये विल्सनने मोडेपर्यंत टिकली.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच काळजी आहे: राष्ट्रप्रमुखाने कायदेमंडळाच्या डोक्यावर बसू नये. आपल्याकडे दार आपटत नाहीत, कारण आपले राष्ट्रपती संसदेचंच अंग आहेत. ती काळजी आपण वेगळ्या तऱ्हेने मिटवली आहे. राष्ट्रपतींच्या हातात आपण सरकारने लिहिलेला कागद देतो.

सहावी पायरी: भाषण ऐकायचं कसं

महिनाभर आधीपासून वेगवेगळ्या मंत्रालयांकडून मजकूर मागवतात, पंतप्रधान कार्यालयात तो एकत्र होतो आणि मंत्रिमंडळ त्याला मंजुरी देतं. म्हणून भाषणात 'माझं सरकार' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, राष्ट्रपती कुणीही असोत, शब्द तेच. निवडणुकीनंतर सत्ता पालटली तर आधी एका सरकारला 'माझं' म्हणणारे राष्ट्रपती दुसऱ्या सरकारलाही तितक्याच सहजपणे 'माझं' म्हणतात. प्रणव मुखर्जींनी हे केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सेंट्रल हॉलमध्ये आधीच्या सरकारचं, ९ जून २०१४ ला तिथेच नव्या सरकारचं. यात दुटप्पीपणा कुणी शोधू नये.

वाचणाऱ्याला मजकूर बदलता येतो का? केंद्रात हा प्रश्न सहसा उठत नाही, राज्यांत वारंवार उठतो. १७६व्या कलमाप्रमाणे राज्यपालही विधिमंडळापुढे असंच अभिभाषण करतात. महाराष्ट्रासारख्या ज्या सहा राज्यांत विधान परिषद आहे तिथे दोन्ही सभागृहांपुढे, बाकीकडे फक्त विधानसभेपुढे. १९६९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी आधीचं मंत्रिमंडळ बरखास्त करण्याच्या आपल्याच निर्णयावर टीका करणारे परिच्छेद वाचायचं टाळलं. २०२३ च्या जानेवारीत तमिळनाडूत राज्यपाल आर. एन. रवी यांनी काही भाग गाळला. मुख्यमंत्र्यांनी तिथेच ठराव मांडला की छापील मजकूरच कामकाजात नोंदवावा, आणि राज्यपाल सभागृहातून निघून गेले. महाराष्ट्रात ३ मार्च २०२२ ला विधान भवनात घोषणाबाजी सुरू झाली तेव्हा तत्कालीन राज्यपालांनी अभिभाषण अगदी थोडक्यात आटोपलं. भाषण मंत्रिमंडळाचं आहे हे एकदा मान्य केलं की या तिन्ही प्रसंगांत नेमकं काय बिनसलं ते लगेच कळतं.

बरं, ऐकताना काय टिपायचं? माझी रीत अशी. वही घेऊन तीन रकाने पाडा. झालेली कामं पहिल्यात; भाषणाचा मोठा वाटा त्यातच जातो आणि तो सरसर जाऊ द्यावा. चालू योजना आणि आकडे दुसऱ्यात. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सहसा सगळ्यात रिकामा: येत्या वर्षात कुठली विधेयकं, कुठलं धोरण येणार. भाषण संपलं की मागच्या वर्षीचा मजकूर शेजारी ठेवा. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. मागच्या वर्षी ज्या विषयाला दोन परिच्छेद होते त्याला या वर्षी एक ओळ मिळाली असेल, तर बातमी तिथे आहे. आणि जे मुळीच आलं नाही त्याची वेगळी यादी करा. का, ते आठव्या पायरीवर कळेल.

भाषण हिंदीत झालं तर इंग्रजी प्रत आणि इंग्रजीत झालं तर हिंदी प्रत उपराष्ट्रपतींकडून वाचली जाते. हल्ली ती पूर्ण वाचत नाहीत, सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वाचतात. इथे बहुतेक वाहिन्या स्टुडिओत परततात.

अभिभाषण चालू असताना गडबड करणं वाईट मानतात. बहिष्कार, घोषणा, सभात्याग हे सगळं घडलेलं आहे, पण शिष्टाचार सोडून. १९६३ मध्ये काही सदस्यांनी राधाकृष्णन यांच्या अभिभाषणात व्यत्यय आणला तेव्हा लोकसभेने चौकशीसाठी समिती नेमली आणि त्या सदस्यांना समज दिली. राग सरकारवर असतो, तो वाचणाऱ्यावर काढला असं होऊ नये, एवढा त्यामागचा विचार.

भाषण संपतं, पुन्हा राष्ट्रगीत, पुन्हा मिरवणूक, राष्ट्रपती परततात. टीव्ही बंद करायची घाई करू नका.

सातवी पायरी: अर्ध्या तासानंतर

अभिभाषणानंतर साधारण अर्ध्या तासाने दोन्ही सभागृहं वेगवेगळी भरतात. महासचिव अभिभाषणाची प्रत पटलावर ठेवतात. दोन मिनिटांचं काम, पण त्याशिवाय ते भाषण सभागृहापुढे आलेलं नसतं. मघाचं एकत्र जमणं लोकसभेचंही नव्हतं आणि राज्यसभेचंही नव्हतं. प्रत पटलावर आली की सदस्यांना तिच्यावर चर्चा करता येते. वर्षारंभीच्या अधिवेशनात पुष्कळदा याच दिवशी आर्थिक पाहणी अहवालही ठेवतात. सगळे बातमीदार मग तिकडे धावतात, आणि अभिभाषण दुपारपर्यंत शिळं होतं.

आठवी पायरी: आभाराचा प्रस्ताव

सोहळ्याचा जीव इथे आहे. सकाळी फक्त ऐकलेलं सभागृह आता बोलतं.

सत्ताधारी बाजूचा एक सदस्य प्रस्ताव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. प्रस्तावाची भाषा ठराविक आणि नम्र: राष्ट्रपतींनी कृपावंत होऊन केलेल्या अभिभाषणाबद्दल या सभागृहाचे सदस्य त्यांचे अत्यंत ऋणी आहेत. मग काही दिवस चर्चा चालते. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत १६व्या नियमापासून पुढे याची सोय आहे. किती वेळ द्यायचा ते अध्यक्ष सभागृहनेत्याशी बोलून ठरवतात. विषयाला जवळजवळ बंधन नसतं. अभिभाषणात सगळं सरकार येतं, म्हणून चर्चेतही सगळं सरकार येतं. दोन मर्यादा तेवढ्या पाळायच्या. केंद्र सरकारच्या जबाबदारीबाहेरचे विषय काढायचे नाहीत. आणि राष्ट्रपतींचं नाव वादात ओढायचं नाही, कारण मजकुराची जबाबदारी सरकारची.

मूळ घटनेत या चर्चेला इतर कामकाजाच्या आधी अग्रक्रम देण्याची तरतूद होती. १९५१च्या त्याच दुरुस्तीने ती काढली. म्हणून आज आभाराची चर्चा व्हायची असतानाच मध्ये १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो. नवख्यांना हा क्रम विस्कळीत वाटतो, पण तो नियमाला धरूनच आहे.

आता दुरुस्त्या. विरोधकांचं खरं हत्यार हे. 'आभारी नाही' असं म्हणायचं नसतं. प्रस्तावाच्या शेवटी एक शेपूट जोडायचं असतं: '...परंतु अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही याबद्दल खेद वाटतो'. मघाशी जे आलं नाही त्याची यादी करायला सांगितलं ते यासाठी. तुमची यादी आणि सदस्यांच्या दुरुस्त्या शेजारी ठेवून बघा, विरोधकांनी काय हेरलं आणि तुम्ही काय हेरलं ते कळेल. दुरुस्त्या शेकड्यांनी येतात. बहुतेक सगळ्या शेवटी एकगठ्ठा मताला टाकून फेटाळतात.

बहुतेक. राज्यसभेत सरकारचं बहुमत नसलं की गणित फिरतं. १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ अशा पाच वेळा राज्यसभेने दुरुस्ती मंजूर करून प्रस्ताव संमत केला. २००१ मधली दुरुस्ती बाल्को ही सरकारी ॲल्युमिनियम कंपनी विकण्याबद्दल होती. २०१५ मध्ये सीताराम येचुरींची दुरुस्ती काळ्या पैशाला आणि वरच्या पातळीवरच्या भ्रष्टाचाराला आळा घालण्यातल्या अपयशाबद्दल, तर २०१६ मध्ये गुलाम नबी आझाद यांची, पंचायत निवडणूक लढवण्याच्या हक्कावर आलेल्या निर्बंधांबद्दल. सरकारला नामुष्की सोसावी लागली, पण सत्ता गेली नाही. मंत्रिमंडळ ७५व्या कलमाप्रमाणे लोकसभेला जबाबदार असतं, राज्यसभेला नाही.

लोकसभेत मात्र हाच प्रस्ताव पडला किंवा सरकारच्या इच्छेविरुद्ध दुरुस्त झाला तर तो अविश्वास समजतात आणि सरकारने राजीनामा द्यावा अशी अपेक्षा असते. म्हणून या मतदानाच्या दिवशी पक्ष व्हिप, म्हणजे हजर राहून पक्षाच्या बाजूने मत देण्याचा आदेश, काढतात. आभार मानण्यासाठी व्हिप काढावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला विनोदी वाटेल. पण निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात नव्या सरकारची पहिली जाहीर कसोटी पुष्कळदा हीच ठरते.

नववी पायरी: उत्तर आणि मत

चर्चेला उत्तर देण्याचा हक्क सरकारचा. नियमाप्रमाणे पंतप्रधान किंवा दुसरा कुणीही मंत्री ते देऊ शकतो, प्रघात मात्र पंतप्रधानांनी देण्याचा. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं. वर्षभरातलं पंतप्रधानांचं सगळ्यात राजकीय भाषण ऐकायचं असेल तर हे ऐका. सकाळच्या अभिभाषणात जे मोजूनमापून, दुसऱ्याच्या तोंडून आलं, तेच इथे चिमटे काढत, नावं घेत येतं.

उत्तर झालं की आधी दुरुस्त्या मताला, मग मूळ प्रस्ताव. आवाजी मतदानाने बहुधा मिनिटभरात निकाल लागतो. कुणी मतविभागणी मागितली तर घंटा वाजतात, दारं बंद होतात आणि आकडा पडद्यावर उमटतो. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' हे अध्यक्षांचे शब्द ऐकू आले की प्रस्ताव संमत.

राहिलं ते टपालाचं काम. संमत प्रस्ताव राष्ट्रपतींना कळवतात, राष्ट्रपती त्याची पोच देतात. काही दिवसांनी, सभागृहात बहुतेकांचं लक्ष दुसरीकडेच असताना, तो निरोप वाचून दाखवला जातो: आभाराबद्दल राष्ट्रपतींनी समाधान व्यक्त केलं आहे. कुणी बाक वाजवतं, कुणी नाही, आणि कामकाजपत्रिकेतला पुढचा विषय पुकारला जातो.